उरलेल्या विटा कुठे कुठे लागल्या: बुधगावच्या घराच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

बाहेरचा गिलावा पुरा झाला, परांची उतरली आणि प्लॉटच्या दक्षिणेला विटांचा ढीग उघडा पडला. शेवटची ट्रॉली गच्चीच्या कठड्यासाठी आली होती. पण कठड्याला निम्मी भिंत आणि वर लोखंडी पाइप घ्यायचं ऐनवेळी ठरलं, त्यामुळे एवढ्या विटा उरल्या. भट्टीवाले उरलेला माल परत नेत नाहीत. भरणावळ, उतरणावळ आणि डिझेल धरलं तर त्यांना परवडत नाही, शिवाय प्रत्येक चढउतारात विटा फुटतात.

सल्ले भरपूर आले. कुणी म्हणालं विकून टाका, कुणी म्हणालं खड्ड्यात भर घाला. एकाने तर ओढ्याकडेला ओता म्हणून सांगितलं. ते आम्ही करणार नाही. बांधकामाचा राडारोडा रस्त्यावर, गटारात, ओढ्यात टाकायचा नाही असा केंद्राचा नियम आहे. आणि पावसाळ्यात तुंबलेला ओढा काय करतो हे सांगली भागात कुणाला शिकवायला नको. सासरे, म्हणजे आमचे आबा, एवढंच म्हणाले, "वीट भाजलीय, ती सडत नाही. घाई कशाला?"

मोजायचं कसं, तर आधी ढिगाची थप्पी लावून घेतली. आमची वीट ९ बाय ४ बाय ३ इंची आहे. घट्ट रचली तर एका घनफुटात बरोबर १६ विटा बसतात. १० फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट उंच थप्पी झाली. फटी सोडून धरल्या तर १,९०० च्या आसपास अख्ख्या विटा. अद्धे, पाव आणि चुरा वेगळा, तो पाऊण ब्रास तरी असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज निवड. तात्या गवंडी खास यासाठी आले. माझं म्हणणं होतं की आधी कामं ठरवू आणि मग विटा उचलू. तात्यांनी उलटं सांगितलं. "वैनी, वीट काय म्हणत्या ते आदी ऐका. सगळ्या विटा एक नसत्यात."

त्यांचं बरोबर आहे. ढिगाला आपण सरसकट 'विटा' म्हणतो, पण एकाच भट्टीतून निदान तीन तऱ्हेचा माल निघतो. आपल्याकडच्या भट्टीत कच्च्या विटा रचताना थरांमध्ये कोळसा, उसाची चिपाडं, भाताचा तूस असं जळण घालतात आणि वरून लिंपून पेटवतात. मधल्या विटांना सारखी आच मिळते, त्या पक्क्या तांबड्या होतात. बाहेरच्या अंगाच्या विटांना आच कमी पडते, त्या पिवळट-नारिंगी राहतात. तात्या त्यांना आमा म्हणतात. अगदी जळणाजवळच्या विटा जास्त तापून काळपट-जांभळ्या पडतात, कधी वाकतात, कधी दोन एकमेकींना चिकटतात. ते खंगर.

ओळखायच्या खुणा तात्यांनी दाखवल्या. दोन विटा हातात धरून एकमेकींवर ठोकायच्या. पक्की खणखण वाजते. आम्याचा आवाज भद्द येतो. नखाने ओरखडा काढायचा, उठला तर भाजणी कमी. कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर सपाट अंगावर टाकायची, चांगली वीट फुटत नाही. ही शेवटची खूण प्रत्येक विटेवर करायची नसते, शंका आली तेवढ्यावरच. फुटलेली वीट आतून बघण्यासारखी असते. काळा गाभा, चुन्याचे पांढरे खडे, मधेच न भाजलेली माती, सगळं दिसतं. चुनखडा असलेल्या विटा मी बाजूला काढल्या. भाजलेला चुना पाणी पिऊन फुगतो आणि विटेचा कपचा उडवतो. नव्या गिलाव्यावर पुळीसारखे खड्डे पडतात, त्याचं हेच कारण असतं.

संध्याकाळपर्यंत चार थप्प्या झाल्या: पक्क्या दीड हजारांवर, खंगर दोनशे, आमा पावणेदोनशेच्या आत-बाहेर, आणि तुकडे.

८ फेब्रुवारी, शनिवार

कानाने केलेली निवड मला काट्यावर तपासून घ्यायची होती. पद्धत सोपी आहे. कोरडी वीट तोलायची, २४ तास पाण्यात बुडवायची, फडक्याने पुसून पुन्हा तोलायची. प्रयोगशाळेत वीट आधी ओव्हनमध्ये सुकवतात. मी गच्चीवरच्या उन्हात चांगल्या वाळवल्या, घरच्या कामाला तेवढं पुरे.

पक्की वीट: कोरडी २ किलो ८५० ग्रॅम, भिजून ३ किलो ३३०. म्हणजे वजनाच्या साधारण १७ टक्के पाणी प्यायली. खंगर: ३ किलो ५० वरून ३ किलो २६०, सात टक्क्यांच्या आत. आमा: २ किलो ७०० वरून ३ किलो ३७०, जवळजवळ २५ टक्के. साध्या भाजलेल्या विटेसाठी भारतीय मानक १०७७ आहे. त्यात नेहमीच्या वर्गांना २० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. आमची पक्की वीट त्यात बसते, आमा बसत नाही.

हे करताना बादलीजवळ बसून राहावंसं वाटलं. कोरडी वीट पाण्यात सोडली की सूं असा बारीक आवाज येतो, सगळ्या अंगातून बुडबुड्यांच्या माळा वर चढतात आणि कितीतरी वेळ थांबत नाहीत. खंगर टाकली तर दोन-चार बुडबुडे आणि संपलं. आमा दुसऱ्या दिवशी बाहेर काढली तेव्हा तिच्या कडा बोटाने दाबल्यावर मऊ लागल्या, बादलीच्या तळाला तांबडा गाळ बसला होता.

तिथेच माझं सगळं नियोजन ठरलं. उरलेली वीट कुठे लावायची याचा निकाल पाण्यावर करायचा. जिथे पाणी कायम लागणार आणि आत जाऊ द्यायचं नाही, तिथे खंगर. जिथे विटेने पाणी प्यावं आणि सोडावं असं हवं, तिथे पक्की. जिथे पाणी येणारच नाही, तिथे आमा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आधी राखीव विटा. दीडशे चांगल्या विटा कशालाही वापरायच्या नाहीत. उद्या एखादी खिडकी हलवायची झाली, नळाची पाइप फुटून भिंत फोडायला लागली, तर त्याच मापाची वीट बाजारात मिळेलच असं नाही. प्रत्येक भट्टीचा साचा सूत-दोन सूत वेगळा असतो आणि नव्या-जुन्या विटांचे थर एका रेषेत येत नाहीत. या विटा कुंपणाजवळ दगडांच्या ओळीवर, जमिनीपासून वीतभर उंच रचल्या. घराच्या भिंतीला टेकवल्या नाहीत. टेकवल्या की जमिनीची ओल विटांतून भिंतीत चढते, वाळवीला आडोसा मिळतो आणि विंचू-सापांना घर. वर जुना पत्रा, बाजू मोकळ्या.

मग तुकडे. तात्यांचा विचार होता की पोर्चच्या स्लॅबवर कोबा करून टाकू. विटांच्या तुकड्यांचा कोबा आपल्याकडे गच्चीला सर्रास करतात. तुकडे भिजवून मसाल्यात बसवायचे, उतार काढायचा, वर घोटून घ्यायचं, पाणी साठवून तपासायचं. काम चांगलं आहे, पण जड आहे. सरासरी चार इंच जाडीचा कोबा दर चौरस फुटाला १८ किलोच्या पुढे भार टाकतो. आमच्या इंजिनिअरांना विचारलं. मुख्य गच्चीच्या हिशोबात कोबा धरलेला होता आणि तो झालेलाही आहे. पोर्चची स्लॅब पुढे अधांतरी आहे, तिच्या हिशोबात तो भार नाही. विषय तिथेच संपला. तुकडे फुकट आहेत म्हणून स्लॅबवर चढवायचे नसतात, हे ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांनी जरूर ध्यानात घ्यावं.

२ मार्च, रविवार

तुकडे शोषखड्ड्यात गेले. धुण्याभांड्याचं पाणी आतापर्यंत मागच्या बाजूला नुसतं पसरायचं, डास व्हायचे. गावागावांत ग्रामपंचायतीमार्फत एक मीटर लांब, रुंद आणि खोल अशा मापाचे शोषखड्डे झालेत. आमच्याकडे त्याच मापाने भागणार नव्हतं, कारण वरची चार फूट जमीन काळी आहे. काळी माती एकदा भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं. साडेचार फुटांवर पिवळट मुरूम लागला, त्यात आणखी दीड फूट उतरलो. खड्ड्यात पाणी ओतून पाहिलं, तासाभरात पातळी हातभर खाली गेली. मग भरायला घेतलं.

तळाला मोठे दगड आणि खंगरचे अद्धे, मध्ये पक्क्या विटांचे मुठीएवढे तुकडे, वर खडी. मधोमध भोकं पाडलेला एक प्लॅस्टिकचा डबा. पाणी आधी त्यात पडतं, त्यातला काथ्या अधूनमधून बदलता येतो. भांड्यांचं तेलकट पाणी थेट खड्ड्यात सोडलं तर तुकड्यांवर साय धरते आणि खड्डा दोन वर्षांत बंद पडतो. म्हणून त्याआधी गाळ बसायला छोटी टाकी बांधली, तिला आतून गिलावा केला.

आम्याचा एकही तुकडा यात टाकू दिला नाही. पाण्यात राहून तो चिखल होणार आणि चांगल्या तुकड्यांमधल्या जागा बुजवणार. मजूर पाट्या भरून आणत होते, मी कडेला उभी राहून पिवळे तुकडे वेचून काढत होते. तात्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि मग तेही वेचायला लागले.

शौचालयाचं पाणी यात नाही, ते वेगळ्या टाकीत जातं. बोअर लांब, वरच्या अंगाला आहे.

२३ मार्च, रविवार

घर आणि कुंपण यांच्यातला बोळ फरसून झाला. ३ फूट रुंद, ४० फूट लांब. पुढे स्कूटर लावायची जागा १० बाय ८. काँक्रीट करून टाका असं सगळे म्हणत होते. मला तिथे पाणी मुरायला हवं होतं आणि उद्या पाइप दुरुस्त करायची वेळ आली तर फोडाफोड नको होती. म्हणून सिमेंट न घालता विटा बसवायच्या ठरल्या.

हिशोब असा. वीट पाटावर झोपवली तर चौरस फुटाला ४ लागतात, कडेवर उभी केली तर ५ च्या पुढे, म्हणजे तीन चौरस फुटांना १६. बोळातून माणसंच चालणार, तिथे पाटावर: ४८०. स्कूटरच्या जागी कडेवर: ४३० च्या आसपास. कडेवरची वीट भार जास्त सोसते, कारण तिची उभी जाडी चार इंच होते.

काळ्या मातीवर कुठलीही फरसबंदी थेट टाकली तर ती टिकत नाही. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच जमीन वर येते. नऊ-दहा इंच माती उकरून काढली, ती परसबागेत गेली. त्या जागी सहा इंच मुरूम, दोन थरांत, पाणी मारून धुम्मसाने ठोकून. त्यावर इंच-दीड इंच क्रश सँड. ती ठोकायची नाही, लांब पट्टीने ओढून सारखी करायची. उतार घराकडून कुंपणाकडे. बोळाच्या तीन फुटांत अर्ध्या इंचापेक्षा जरा जास्त, म्हणजे पाच फुटांना एक इंच. नळीने लेव्हल पाहून दोऱ्या बांधल्या.

कुंपणाच्या अंगाला खंगरची एक ओळ काँक्रीटमध्ये पक्की बसवली. बाकी सगळं या कडेवर उभं आहे. कड सुटली की वाळू सरकते आणि विटा एकेक करून मोकळ्या होतात. आतल्या विटा चटईच्या विणीसारख्या, दोन आडव्या दोन उभ्या. चटईला अद्धे कमी फोडावे लागतात. स्कूटरच्या जागी ती वीण चालत नाही, तिथे सलग सांधे राहतात आणि चाकाच्या दाबाने सरकतात. तिथे सांधमोड करून, म्हणजे एका ओळीचे सांधे दुसरीच्या सांध्यांसमोर येऊ न देता ओळी लावल्या, गाडीच्या दिशेला आडव्या. भट्टीची छाप असलेली बाजू सगळीकडे खाली. शेवटी कोरडी बारीक वाळू पसरून खराट्याने फटींत भरली, पाणी शिंपडलं, पुन्हा भरली.

उत्तरेच्या तोंडाशी, जिथे ऊन येत नाही, तिथला सहा फुटांचा भाग हिशोबात धरला होता, पण विटांचा केला नाही. पाणी पिणाऱ्या विटेवर सावलीत शेवाळ धरतं आणि आबा रोज पहाटे तिकडून फुलं तोडायला जातात. तिथे खडबडीत शहाबादी बसवली.

३० मार्च, गुढीपाडवा

काम बंद. गुढी नव्या घरावर उभारली. आमा विटांची चूल मागच्या पत्र्याखाली आबांनी परवाच मातीत रचली होती, आंघोळीचं पाणी आज तिच्यावर तापलं. पत्र्याखाली पाऊस येत नाही, तिथे या विटांना धोका नाही. राहिलेल्या आमा फोडून चुरा केला आणि कुंड्यांच्या काळ्या मातीत मिसळला. पाव हिस्सा चुरा घातला की माती चिकटत नाही आणि कुंडीत पाणी तुंबत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

ज्यासाठी मी सगळ्यात उत्सुक होते ते काम: शून्य ऊर्जा शीतकक्ष. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ही रचना तयार केली. वीज लागत नाही. माठासारखंच आहे: ओल्या विटेतलं पाणी हवेत उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतली जागा थंड राहते. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटीमीटरची पोकळी, पोकळीत वाळू, आणि ती वाळू कायम ओली. भाजी आत क्रेटमध्ये.

माप संस्थेच्या आराखड्याचंच घेतलं. बाहेरून १६५ बाय ११५ सेंटीमीटर, उंची ६७.५. आमची वीट तीन इंच जाडीची, त्यामुळे नऊ थरांत उंची जवळजवळ तेवढीच आली. तळाला विटांचा एक थर पाटावर, मग बाहेरची भिंत आणि आतली भिंत, दोन्ही चार इंची. एकूण सव्वाचारशे विटा लागल्या. मसाला वापरला नाही, सांधमोड करून नुसत्या रचल्या. सिमेंटचा गिलावा दिला तर विटेची छिद्रं बुजतात आणि मग पाणी उडणार कुठून? तात्यांना बिनमसाल्याची भिंत बघवत नव्हती. "वैनी, निदान कोपरं तरी धरू द्या." मग चार कोपऱ्यांना मातीचा गारा लावला.

विटा निवडताना पुन्हा वाजवून घेतल्या. खंगर इथे निरुपयोगी, ती पाणी धरतच नाही. आमा विरघळेल. सोळा-सतरा टक्के पाणी पिणारी खणखणीत वीट हवी. घराच्या भिंतीत ती गिलाव्याआड गेली असती, इथे तिच्या पाणी पिण्यावरच सगळं चालतं.

जागा चिंचेच्या सावलीत, पश्चिमेचा वारा लागेल अशी. वाळू नदीची, धुऊन घेतलेली. मातकट वाळू पाणी धरते पण पुढे सोडत नाही. वाळूत वरच्या बाजूने बारीक ठिबक नळी फिरवली आणि ती उंचावर ठेवलेल्या पिंपाला जोडली. झाकणाला बांबूची चौकट, त्यावर गोणपाट. वर उसाच्या पाचटाचं छप्पर.

पाण्याबद्दल एक. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. कृष्णाकाठच्या बागायतीत कितीतरी जमीन क्षारपड झालेली आपण पाहतो, तेच क्षार या पाण्यात थोडेबहुत असतात. पाणी उडून जातं, क्षार विटेत राहतात आणि पृष्ठभागावर पांढरा लोणा फुलतो. छिद्रं भरली की गारवा कमी. म्हणून शीतकक्षाला नळाचंच पाणी.

पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा दोन्ही भिंती कोरड्या, फिक्या तांबड्या होत्या. अर्ध्या तासात बाहेरच्या भिंतीच्या खालच्या थरावर गडद ओल उमटली. ती एकेका विटेतून वर चढत गेली, मध्येच एखादी वीट मागे राहायची, शेजारच्या दोन्ही भिजलेल्या आणि ती अजून कोरडी. बहुधा तिची भाजणी जास्त असावी. दुपारपर्यंत नऊही थर एका रंगाचे झाले.

२० एप्रिल, रविवार

आठवडाभर दुपारी तापमान घेतलं. बाहेर सावलीत ३९, आत २७. सकाळी फरक कमी, पाच-सहा अंशांचा. संस्थेच्या माहितीत कडक उन्हाळ्यात १० ते १५ अंशांचा फरक आणि आत ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता दिलेली आहे. आमचा आकडा त्यात बसतो.

मेथी, जी स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी मान टाकते, ती चौथ्या दिवशीही ताजी होती. गाजरं, वांगी, दोडका आठवडाभर टवटवीत. आंबे मात्र यात ठेवले नाहीत. पिकणाऱ्या फळांच्या वायूने पालेभाजी पिवळी पडते. कांदा-लसूणही नाही, त्यांना ओल सोसत नाही, कोंब फुटतात. पाणी रोज दोन बादल्यांच्या आसपास लागतं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असलेल्या जत-आटपाडीकडच्या घरांनी हा हिशोब आधी करावा.

शेजारच्या काकू रोज कोथिंबिरीची जुडी आणून ठेवतात आणि संध्याकाळी हात घालून गारवा बघतात. त्यांच्या शेतावर असाच करून द्यायचं कबूल केलंय, विटा त्यांच्याच जुन्या गोठ्याच्या. त्या आधी वाजवून घ्यायला लागतील.

४ मे, रविवार

अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली, त्या गडबडीत काम थांबलं होतं. आज मोरीपुढचा आडोसा पुरा झाला. ५ फूट लांब, ४ फूट उंच, चार इंची जाळीची भिंत. दोन विटांत तीन इंचांची फट सोडत गेलं की जाळी होते. वारा येतो, धुणं वाळतं, आणि विटा भरीव भिंतीच्या पाऊणपट लागतात. केरळात राहून काम केलेल्या वास्तुकार लॉरी बेकर यांनी अशा जाळ्या घराघरांत वापरल्या. आपल्याकडे जुन्या गोठ्यांच्या भिंतींत झरोके याच तऱ्हेने ठेवलेले दिसतात. चार इंची जाळी याहून उंच न्यायची तर मध्ये खांब हवा. खालचे दोन थर खंगरचे घेतले, तिथे कायम पाण्याचे शिंतोडे उडतात. गिलावा नाही, नुसत्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, भरल्या.

शंभरेक विटा गल्लीतल्या एका घरी तुळशी वृंदावनाला दिल्या.

२२ मे, गुरुवार

यंदा पाऊस फार लवकर. वळीव म्हणायचा तर वळीव, पण थांबतच नाही. शेतांत मशागती अडकल्या, काढणीला आलेल्या भाज्या पाण्यात आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

बोळाची परीक्षा मात्र झाली. छत्री घेऊन तिथे उभी राहिले. पहिला अर्धा तास पाणी विटांवर दिसतच नव्हतं, सगळं फटींतून खाली. नंतर जोर वाढला तेव्हा पातळ धार कुंपणाकडे वाहायला लागली, घराच्या जोत्याला थेंब नाही. शोषखड्ड्याच्या डब्यात पाणी वर आलं, पाऊस थांबल्यावर रात्रीत उतरलं.

बोअरची पाइप जिथून आत येते, त्या चराची भर अजून ताजी आहे. तेवढ्या पट्ट्यात विटा अर्धा इंच बसल्या. उघाडीला तात्यांच्या मुलाने बारा-पंधरा विटा उचलल्या, खाली मुरूम भरून ठोकला, वाळू ओढली, त्याच विटा परत बसवल्या. चहा होईपर्यंत काम संपलं. बिनसिमेंटचं का, असं विचारणाऱ्यांना मी आता हेच दाखवते.

१५ जून, रविवार

शीतकक्ष बंद केला. हवाच ओली असल्यावर विटेतलं पाणी उडत नाही. काल बाहेर २७, आत २५. एवढ्यासाठी भाजी दमट जागेत ठेवली तर बुरशी धरते. क्रेट धुऊन वाळत टाकले, ठिबक नळी गुंडाळली, वरचा थर उचलून वाळू मोकळी केली. आतल्या भिंतीच्या दोन विटांना किंचित लोणा दिसला. कुठल्या तरी दिवशी पिंपात बोअरचं पाणी भरलं गेलं असणार. त्या ब्रशने घासून घेतल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा चालू करताना राखीव थप्पीतल्या दोन घालून बदलीन.

राखीव दीडशे जागेवर आहेत, पत्र्याखाली कोरड्या. तुकड्यांची एक पाटी उरलीय, ती आबांनी शेवग्याच्या आळ्याभोवती लावायला मागितली.